दोन जादा पाटे

सोयाबीनच्या कुटाराची धूळ नाकात गेली की हल्ली माझी कंबर ठणकू लागते. डॉक्टर म्हणतात, या दोन गोष्टींचा काहीएक संबंध नाही. म्हणोत बापडे. बुलढाण्याच्या अगदी कडेला आमचं घर आहे, कुंपणापलीकडे शेत सुरू होतं, आणि अश्विन लागला की त्या शेतात मळणीयंत्र येऊन उभं राहतं. दिवसभर घरघर. वाऱ्यावर उडालेलं पिवळट कुटार, शेंगांचा तो भुसा, खिडकीच्या जाळीला चिकटतं, चहाच्या कपात पडतं, अंथरुणात शिरतं. मी खिडकीशी पाठीवर पडलेला आहे. मान वळवली की मला दोनच गोष्टी दिसतात. एक ते यंत्र आणि दुसरी कडुलिंबाखाली उभी असलेली आमची गाडी.

गाडी म्हणजे घरच आहे. मुळात शाळेची जुनी मिनी बस, अजून खिडक्यांखालून तिचा पिवळा रंग डोकावतो. आत ओटा आहे, शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे, कपाट आहे आणि सगळ्यात मागे, मागच्या चाकांच्याही मागे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा पलंग आहे. पुण्याकडे अशा गाडीला मोटरहोम म्हणतात. आमच्या गल्लीत तिला 'सरांचं फिरतं घर' म्हणतात. सर म्हणजे मी. अठ्ठावीस वर्षं मी सरकारी प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवलं. स्टेअरिंग आणि सस्पेन्शन ही माझी खास प्रकरणं. माझ्या तासाला कुणी खोकतसुद्धा नसे. ते माझ्या शिकवण्यामुळे की माझ्या तोंडामुळे, हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

ही गाडी मी विमलसाठी बनवली. विमल माझी बायको. हे वाक्य मी लोकांना इतक्यांदा ऐकवलं आहे की आता त्याची लाज वाटते, पण ते खोटं नाही. विमलचं माहेर मेहकरकडचं. ती लहान होती तेव्हा तिच्या वडिलांनी तिला दसऱ्याला पहिल्यांदा नागपूरला, दीक्षाभूमीवर नेलं. गर्दीत हरवू नये म्हणून खांद्यावर बसवलं होतं, आणि खांद्यावरून तिला माणसंच माणसं दिसली, सगळी पांढऱ्या कपड्यांतली. तेव्हापासून तिनं एक दसरा चुकवला नाही. लग्नानंतर नाही, प्रज्ञा पोटात असताना नाही, प्रज्ञा कडेवर असताना नाही. जाताना भाकरी आणि ठेचा, येताना प्रज्ञासाठी एक पुस्तक. प्रज्ञा आमची एकुलती एक मुलगी, आता चिखलीच्या कॉलेजात शिकवते. तिच्या घरातलं पुस्तकांचं निम्मं कपाट तिच्या आईनं असं एकेक करून भरलेलं आहे.

मग विमलचा कमरेचा मणका सरकला. बस बंद, जीप बंद. तीन दसरे तिनं पांढरी साडी नेसून टीव्हीपुढे काढले. साडी नेसायची, चष्मा पुसायचा आणि पडद्यावरच्या गर्दीत कुणी ओळखीचं दिसतं का ते बघत बसायचं. तिसऱ्या वर्षी ती उठून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, आडवं झोपवून, धक्के न बसता नेता आलं तर न्या. दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर ॲम्ब्युलन्स ठरवून मोकळा झाला असता. मी नुकता निवृत्त झालेला मास्तर. मला तो परीक्षेतला प्रश्न वाटला, आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

त्या हंगामाला दोन वर्षं झाली. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचे ते सगळे रविवार माझ्या अंगात आहेत. सकाळी चिखलीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना सोयाबीन पिवळं पडत चाललेलं असायचं. कपाशीला कुठे एखाददुसरं बोंड फुटलेलं. अर्ध्या डांबरावर कुणीतरी उडीद वाळत घातलेला, आणि त्यावरून चाक गेलं की मागून शिवी. कडेला बाया सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या. मी गाडी थांबवून चार पिकलेली सीताफळं घ्यायचो आणि गाडीभर त्यांचा गोडसर वास पसरायचा. विमल मागच्या पलंगावर आडवी. एक सीताफळ ती हातात धरून ठेवायची, गाडी थांबली की खाईन म्हणून. मी पुढे, दोन्ही हात स्टेअरिंगवर, आणि मला वाटायचं, माझ्यासारखा नवरा या जिल्ह्यात दुसरा नसेल.

सुरुवातीला गाडी पळायची. म्हणजे हात सरळ धरावा आणि तिनं डावीकडे जावं. कारण साधं होतं. ओटा, कपाट, भरलेली टाकी, सगळं मी डाव्या अंगाला लावलेलं. डाळमिलच्या वजनकाट्यावर एकेक बाजू चढवून वजन घेतलं, टाकी उचलून उजवीकडे नेली. पुढच्या चाकांचे झिजलेले सांधे बदलले. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून, गुडघ्यांवर बसून, दोन्ही चाकं एका रेषेत आणली. टायरांत हवा वाढवली, म्हणजे स्टेअरिंग हलकं होतं. एका रविवारी येळगावच्या तळ्यावरून जाताना मी हात सैल सोडले, आणि गाडी दोरीवरून चालावी तशी सरळ गेली. तो आनंद काय असतो हे ज्याच्या हातांना ठाऊक आहे त्यालाच ठाऊक. मी एका बोटानं गाडी चालवत केळवदपर्यंत गेलो. मागे कोण आहे हे त्या वेळी माझ्या ध्यानातही नव्हतं.

फक्त एक गोष्ट राहिली होती. गाडी मागून बसलेली दिसायची. चौकातल्या पानठेल्यावरच्या लोकांनी एकदा हाक मारून सांगितलं, "सर, गाडी बसली की तुमची!" आमच्या भागात हे ऐकून घेणं सोपं नाही. इथे प्रत्येक गाडी मालाचीच असते. ट्रक असो, टेम्पो असो, लग्नाची जीप असो, तिचा मागचा भाग वर पाहिजे. कापूस कोंबा, तुरीची पोती कोंबा, ती वाकली नाही पाहिजे. गाडी थोडी दबली की इथला माणूस पहिलं काम करतो ते पाटा वाढवण्याचं. पाटे म्हणजे चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या त्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या, एकावर एक रचलेल्या. जितके पाटे जास्त तितकी गाडी ताठ. गाडीत माणूस आहे की पोतं, हा प्रश्न पाटे वाढवताना इथे कुणी विचारत नाही. मीही विचारला नाही.

दुसरबीडला रस्त्याच्या कडेला गजानन मिस्त्रीचं पाट्यांचं दुकान आहे. पत्र्याचं छप्पर, भट्टी, पाण्याचं पिंप. लाल झालेला पाटा पिंपात घातला की चर्र आवाज होतो आणि लोखंडी वाफ घशाशी येते. गजानन माझाच विद्यार्थी. वर्गात एकदा त्यानं पाटे उलटे रचले होते, तर मी त्याला एक पाटा खांद्यावर देऊन संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात उभं केलं होतं, समोरच्या शिवणकामाच्या वर्गातल्या मुली हसतील अशा जागी. तो आता पन्नाशीला आला असेल. मला बघितलं की अजून बिडी विझवतो.

पहिला पाटा त्यानं न बोलता वाढवला, दोन्ही बाजूंना. गाडी थोडी वर आली. मला पुरेसं वाटेना. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो आणि म्हटलं, अजून एकेक घाल. त्यानं हात पुसले, गाडीत डोकावून पलंगाकडे बघितलं आणि घुटमळला.

"सर, म्या काय म्हनतो, एक पाटा उलट काढूनच पाहू का? काकू मागं झोपून राह्यल्या नं. माल असता तर गोष्ट अलग होती."

"पास कोन्त्या सालात झाला बे तू?"

"दोनदा नापास झाल्तो, सर."

"मंग?"

"हो सर," गजानन म्हणाला आणि पाटा उचलायला वाकला.

दुसऱ्या पाट्यानं कमाल केली. वळणावर गाडी झुलायची ती झुलायची थांबली. स्टेअरिंगमध्ये जी थोडीशी लांडीलबाडी उरली होती तीही गेली. पुढे बसणाऱ्याला स्वर्ग. आता सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. हे असं का होतं ते मला माहीत होतं. स्टेअरिंग पुढे बसणाऱ्याचं असतं आणि धक्के मागे झोपणाऱ्याचे. पाटे ताठ केले, हवा कडक केली, की पुढचा खूश होतो आणि त्याचं मोल मागचा मोजतो. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं, आणि चुकणाऱ्या पोरांचे कान पिळले होते. तेव्हा मला कळत नव्हतं असं म्हणून कुणी माझी सुटका करायला जाऊ नये.

पण मी विचारत होतो ना! दर थोड्या वेळानं, आरशात न बघता, मोठ्यानं विचारायचो, "कसं वाटते?"

मागून आवाज यायचा, "बरं हाये."

पहिला पाटा घातल्यावर विचारलं. बरं हाये. दुसरा घातल्यावर विचारलं. बरं हाये. हवा वाढवली, विचारलं, बरं हाये. मी एका वहीत प्रत्येक रविवारपुढे ते लिहूनही ठेवलं होतं. चिखलीच्या पुढे एकदा गाडी थांबवून मी मागचं दार उघडलं, तर विमलच्या मुठीतलं सीताफळ चेंदून गेलं होतं. बोटांमधून गर गळत होता, चादरभर बिया पसरल्या होत्या.

"हे काय केलं?" मी ओरडलो. "नवीन चादर हाये ती!"

"पिकेल होतं," विमल म्हणाली. "हातातल्या हातात फुटलं."

मी बिया झटकल्या आणि वहीत त्या रविवारपुढेही 'बरं' असंच लिहिलं.

दर पौर्णिमेला मी विहारात बोलतो, म्हणजे बोलत होतो. त्या हंगामात माझा विषय करुणा होता. चांगलं बोलायचो मी. दुसऱ्याचं दुःख आपल्या अंगावर घेतल्याशिवाय करुणा जन्मत नाही, असं काहीसं म्हणायचो, आणि समोरच्या म्हाताऱ्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या. विमल सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, दोन उशा पाठीला लावून बसलेली असायची. ती कधी डोळ्यांना पदर लावत नसे. मला वाटायचं, तिला माझं बोलणं सवयीचं झालं असेल.

तिच्या या 'बरं हाये'ची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. लग्नाला दुसरं वर्ष होतं. मी नवी मोटरसायकल घेतली होती, आणि तिच्या बहिणीकडे चिखलीला निघालो होतो. असेच दिवस होते, सोंगणीचे, हवेत कुटार. तेव्हा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. येळगाव मागे पडल्यावर विमल माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "थोडी हळू घ्या नं, कंबर दुखून राह्यली." मला नव्या गाडीचा कैफ होता आणि मागून कुणी सूचना करावी हे मला चालत नसे. मी गाडी थांबवली.

"उतर," मी म्हणालो. "जमत नसन तर पायी ये."

ती हसली, तिला वाटलं मी गंमत करतो आहे. मग उतरली. मी गाडी काढली आणि निघून गेलो. केळवदला हॉटेलात बसलो, भजी खाल्ली, दोनदा चहा प्यायलो, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला. बऱ्याच वेळानं ती रस्त्यावरून येताना दिसली. चप्पल हातात, कारण अंगठा तुटला होता. केसांत कुटार. हॉटेलातली माणसं तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत होती. मी चहाचा कप तिच्याकडे सरकवला आणि विचारलं, "काय मंग, कंबर कशी हाये?"

तिनं चहाकडे बघितलं. "बरं हाये," ती म्हणाली.

तेव्हापासून ती मला हेच सांगत आली. तापात बरं हाये, बाळंतपणात बरं हाये, तिची आई गेली तेव्हा बरं हाये. इतक्या वर्षांत मी एकदाही थांबून बघितलं नाही की ही बाई मला खरं सांगणं बंद करून बसली आहे. मला ते सोयीचं होतं. आणि त्या हंगामात, ज्या तोंडाला मी स्वतःच खरं बोलायची बंदी घातली होती, त्याच तोंडाला मी विचारत होतो, सांग बाई, दुखतं का? आणि उत्तर वहीत लिहीत होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. विमलनं पांढरी साडी उशीखाली घडी करून ठेवली होती. प्रज्ञा माझ्याशेजारी बसली. नव्या मोठ्या रस्त्यावर गाडी अशी धावली की काय सांगू. सिमेंटच्या जोडांवर धप्, धप्, धप्, एक ठेका धरल्यासारखी. मी त्या ठेक्यावर बोटं वाजवत होतो. दोनदा प्रज्ञा म्हणाली, "बाबा, आईले थोडं उठवून बसवू का?" मी म्हणालो, "झोपू दे. गाडी कशासाठी बनवली?" मग मी मागे ओरडून विचारलं आणि मागून उत्तर आलं. या वेळी जरा उशिरानं आलं, एवढंच.

नागपुरात गाडी बरीच अलीकडे लावावी लागली. विमल पट्टा बांधून शेवटचं थोडं अंतर चालणार होती, असं आमचं ठरलं होतं. गाडी उभी राहिली न राहिली तोच माणसं जमली. कुणी आत डोकावतं, कुणी फोटो काढतं, कुणी विचारतं, भाऊ, घरीच बनवली का? मी बॉनेटला टेकून सांगू लागलो. प्रज्ञा दारातून उतरली, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, आई उठून नाही राह्यली."

"उठन. पडून पडून आखडली असन. दोन मिनिटं दे."

आणि मी त्या माणसाला टाकी डावीकडून उजवीकडे का नेली ते पूर्ण सांगितलं. सुतळीचंही सांगितलं. गाडी एका बोटावर चालते हे सांगून बोट वर करून दाखवलं. मगच आत गेलो. विमल पाठीवर पडली होती, अर्धी साडी नेसलेली, अर्धी प्रज्ञाच्या हातून तशीच सुटलेली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांत जात होतं, पण आवाज अगदी साधा होता.

"पाय माह्ये ऐकून नाही राह्यले," ती म्हणाली.

पलंगावरची खिडकी मी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर बसवली होती. झोपलेल्या माणसाला तिच्यातून नुसतं आकाश दिसतं. त्या दिवशी आकाश दिसत होतं आणि कुण्या झेंड्याचं निळं टोक मधूनच येऊन जात होतं. बाहेरून माणसांच्या चालण्याचा न थांबणारा आवाज येत होता. विमलनं पडल्या पडल्या त्या निळ्या टोकाला हात जोडले. लहानपणी बापाच्या खांद्यावरून जिला सगळी माणसं दिसली होती, तिला त्या वर्षी, तिथे पोहोचून, एकही माणूस दिसला नाही. त्याच संध्याकाळी तिला स्ट्रेचरवर घालून दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, पाठीत पट्ट्या आणि स्क्रू बसले. पाय परत आले, हळूहळू. पुस्तक तेवढं त्या वर्षी आलं नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर प्रज्ञानं मला एकच प्रश्न विचारला. "बाबा, तुम्ही त्या पलंगावर झोपून कधी गेले का? एकदा तरी?" मी तिला भाराचं गणित समजावू लागलो. ती उठून आत निघून गेली.

घरी आल्यावर विमल त्याबद्दल काही बोलली नाही. सहा महिन्यांत ती काठीशिवाय चालायला लागली, ताठ बसायला लागली, स्वयंपाक करायला लागली. मागच्या दसऱ्याला ती प्रज्ञाबरोबर रेल्वेनं गेली आणि पुस्तक घेऊन आली. माझ्या गाडीत ती पुन्हा चढली नाही. मी मात्र दर आठवड्याला गाडी धुवायचो. तिला कुणी वापरत नसताना ती चकचकीत ठेवण्यात मला काय मिळत होतं, कोण जाणे.

यंदा भाद्रपदात, असाच टप धुताना, शिडीवरून माझा पाय सटकला. खुबा मोडला, कमरेच्या हाडाला चीर गेली. जालन्याच्या दवाखान्यात खुब्यात सळई बसवली, घरी पाठवलं आणि तपासणीसाठी चार वेळा यायला सांगितलं, आडवं झोपवून. मी ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं. विमल भाजी निवडत होती.

"घरची गाडी असतानी ॲम्ब्युलन्स कायले?" ती म्हणाली. "झोपून न्याच्यासाठीच त बनवली हाये."

पहिल्या तपासणीच्या दिवशी मला उचलून त्या पलंगावर ठेवलं. प्रज्ञा चालवायला बसली आणि विमल तिच्या शेजारी, दोन वर्षांनी पहिल्यांदा त्या गाडीत. छताकडे बघत मी झोपलो होतो. गावाबाहेर पडलो आणि मला कळायला लागलं.

काय होतं ते सांगतो, कारण हे कुठल्याही आकृतीत नाही. पुढची चाकं खड्ड्यात जातात तेव्हा तुम्हाला काही होत नाही, फक्त ऐकू येतं. मग एक छोटीशी वेळ असते. त्या वेळेत तुम्हाला माहीत असतं की आता आपल्याकडे येतंय, आणि अंगातलं प्रत्येक हाड लहान होऊन कोपरा शोधतं. मग मागची चाकं जातात आणि पलंग खालून मारतो. तुम्ही उचलले जाता, खाली येता, आणि तोवर पलंग पुन्हा वर येत असतो. पाटे ताठ असल्यामुळे तो काही गिळत नाही, सगळं जसंच्या तसं तुमच्या पाठीत देतो. मार सोसवतो एक वेळ. ती मधली वाट बघण्याची वेळ सोसवत नाही. त्या हंगामाचे सगळे रविवार विमल त्या वेळेत राहिली होती, हातात सीताफळ धरून.

ओरडू नये म्हणून मी उशी तोंडात धरली. अभ्र्याचं टोक जिभेला खरखरीत लागलं. डोळ्यांसमोर धरून बघितलं, तर ते टोक आधीच चावून चावून फाटलेलं होतं, आणि विमलनं ते पांढऱ्या दोऱ्यानं बारीक टाके घालून शिवलं होतं. दोनदा शिवलेलं दिसत होतं.

येळगाव मागे पडलं. पुढून, मान न वळवता, विमलनं मोठ्यानं विचारलं.

"कसं वाटते?"

तो माझाच सूर होता. मी उशीतून तोंड काढलं.

"लय दुखून राह्यलं," मी म्हणालो. "थोडी हळू घ्या."

मग विमल म्हणाली, "प्रज्ञा, थांबव." गाडी कडेला लागली. पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. कमरेला पट्टा बांधलेल्या बाईची सावकाश पावलं गाडीच्या कडेनं मागे आली आणि मागचं दार उघडलं. ऊन एकदम डोळ्यांवर आलं. तिच्यामागे सोयाबीनचं शेत होतं आणि तिच्या हातात एक पिकलेलं सीताफळ होतं. ती रागावलेली नव्हती. तिनं रस्त्याकडे एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला बघितलं, जागा तीच आहे ना ते बघावं तसं.

"उतरा," विमल म्हणाली. "जमत नसन तर पायी या."

मला उठून बसतासुद्धा येत नव्हतं, हे तिला माहीत होतं. ती दार धरून उभी राहिली. घाई नव्हती तिला. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या ट्रॉलीतलं कुटार उडून तिच्या केसांत पडलं, ते तिनं झटकलं नाही. प्रज्ञा पुढून काही म्हणेल असं मला वाटलं. तिनं इंजिन बंद केलं.

"बरं हाये," मी म्हणालो.

विमलनं मान हलवली. सीताफळ माझ्या हातात ठेवलं, माझी बोटं त्याच्याभोवती नीट मिटवली आणि दार लावलं. जालन्याला पोहोचलो तेव्हा माझी मूठ चिकट झाली होती आणि चादरीवर बिया होत्या. विमलनं चादर बदलली.

काल मी गजानन मिस्त्रीला फोन लावला. म्हटलं, गजानन, तू म्हणत होता ते बरोबर होतं, येऊन दोन्ही जादा पाटे काढून टाक. मी अजून काही बोलणार तोच विमलनं माझ्या कानापासून फोन काढून घेतला.

"गजाननभाऊ, पाटे राहू द्या," ती म्हणाली. "सरांच्या अजून तीन फेऱ्या हायेत. गाडी बरी हाये म्हनतेत ते."

तिनं फोन उशाशी ठेवला, माझ्या पांघरुणावरचं कुटार हातानं झाडलं आणि खिडकी लावून घेतली. दुसरी फेरी सोमवारी आहे.